चालतं ना

"टिकत नाय," मासळीवाली म्हणाली आणि मी म्हणाले, "बरं, मग अर्धा किलो द्या." रविवारची सकाळ होती, पनवेलला उरण नाक्याच्या मासळी बाजारात पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती आणि मी एका हाताने ओढणी सावरत दुसऱ्या हाताने पिशवी पुढे करून उभी होते. ओले बोंबील छान दिसत होते. मी विचारलं होतं, "उद्यापर्यंत टिकतं ना?" आणि तिचं उत्तर ऐकून घेऊन, म्हणजे मी ऐकलंय असं समजून, पिशवी उघडलीसुद्धा होती. तिने कोयता फळीवर ठेवला. "कान घरी ठेवून आलीस काय गो बाय? नाय बोलतंय मी, नाय! आज खायाचा आसंल तर ने." शेजारच्या दोघी मनापासून हसल्या. मीही हसले, कारण अशा वेळी हसण्यावारी नेलं की सुटका होते हे मला चांगलं ठाऊक आहे. पण हसता हसताच मला दुसरंच एक वाक्य ऐकू आलं. चालत नाय. कामावरचे तुळशीरामदादा त्या गुरुवारी मला काय म्हणाले होते? चालतं ना, की चालत नाय?

मी बोंबील न घेता निघाले. ती मागून काहीतरी म्हणाली, ते मी खरंच ऐकलं नाही. मी जासईच्या एका कंटेनर यार्डात काम करते. काम म्हणजे नियोजन, कुठला डबा कुठे जाणार याचं. पण तिथे मी ओळखली जाते ती सकाळच्या मीटिंगसाठी. रोज नऊ वाजता आठ माणसं, सगळी उभी, हातात मोबाइल नाही, आणि माझ्या टेबलावर वीस मिनिटांचा टायमर. यार्डाचे प्रमुख निनाद सर पुण्याचे, वयाने माझ्यापेक्षा लहान, मला 'वीस मिनिटवाल्या मॅडम' म्हणतात आणि पाहुण्यांना वरच्या मजल्यावर आणून माझी मीटिंग दाखवतात. मी एकेकाकडे बघून प्रश्न टाकते, तो एका शब्दात उत्तर देतो, मी लिहिते, पुढे. मीटिंग संपताच कागद छापून भिंतीवर लागतो. त्या गुरुवारच्या कागदावर माझ्या शब्दांत लिहिलेलं आहे: 'मशीन नं. ३ – तुळशीराम – चालतं.' शुक्रवारी तुळशीरामदादांची सुट्टी असते. सकाळच्या पाळीने कागद वाचला, तीन नंबरचं डबे उचलणारं मशीन बाहेर काढलं, आणि डबा धरणाऱ्या चार लॉकांपैकी एक लॉक लागलंच नाही. डबा एका बाजूने सुटला. खाली इशारा द्यायला उभा असलेला प्रणित उडी मारून बाजूला झाला, पण डावा पाय मागे राहिला. नऊ दिवस झाले, दोन ऑपरेशनं झाली, पाय वाचेल असं डॉक्टर म्हणतात. चालेल कसा ते सांगत नाहीत.

आणि उद्या, सोमवारी अकरा वाजता, त्याचीच मीटिंग होती. मुख्य ऑफिसला लेखी जबाब हवा होता, आणि जबाब सोपा होता, कारण कागद होता. मशीनची जबाबदारी तुळशीरामची, तुळशीराम चालतं म्हणाला, तुळशीराम घरी. निनाद सरांनी मला परवा शुक्रवारी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, ही मीटिंग तुम्हीच घ्या. तुमच्या हाताखाली फाटे फुटत नाहीत." मला बरं वाटलं होतं. हे मी आता प्रामाणिकपणे कबूल करते, की एका माणसाची सव्वीस वर्षांची नोकरी काढून घेणारी मीटिंग माझ्याकडे आली आणि मला बरं वाटलं होतं.

घरी आल्यावर पिशवी रिकामी बघून इंद्रजीत म्हणाला, "मासे संपले?" मी त्याला सगळं सांगितलं. माझा नवरा शहाणा माणूस आहे, घाईने बोलत नाही, त्याने आधी गॅस बंद केला, मग विचारलं, "तुला नक्की आठवतंय? तो नाय म्हणाला?" हीच तर गंमत होती. बाजारातून रिक्षाने येईपर्यंत मी तो आवाज इतक्यांदा वाजवून पाहिला होता, की आता मला हवं ते ऐकू येत होतं. एकदा चालतं ना, एकदा चालत नाय. बाहेर ट्रेलरचा हॉर्न होता, वर एसीची घरघर होती, आणि मी स्वतःच 'चालतं ना?' असं विचारलं होतं, त्यामुळे माझाच 'ना' माझ्या कानात शिल्लक होता. आवाज काही सिद्ध करत नव्हता. पण एक गोष्ट मला आठवली आणि ती आठवल्यावर मी खाली बसले. त्यांचा हात. मी त्यांचं उत्तर लिहून गेटवरच्या समीक्षाकडे वळले तेव्हा तुळशीरामदादांचा उजवा हात खांद्याइतका वर आला होता, तळवा उघडा, काहीतरी पुढे सांगायचं असलेल्या माणसाचा असतो तसा. मी तो हात पाहिला होता. मग टायमर पाहिला होता. साडेसतरा मिनिटं झाली होती.

"कोणी विचारलंय का तुला?" इंद्रजीत म्हणाला. "नाही ना? मग तू आपणहून कशाला? नक्की माहीत नसताना? उलट तुलाच धरतील." तो माझ्या काळजीने बोलत होता आणि त्याचं चुकत होतं असंही नाही. आमच्यासारख्यांच्या घरात दोन पगार असतात तेव्हा घर उभं असतं. पण 'नाही ना?' हा त्याचा प्रश्न ऐकून मला एकदम कुमार सर आठवले, इतके स्पष्ट की त्यांच्या शर्टाच्या खिशाला पडलेला निळ्या शाईचा डागही दिसला. बेलापूरच्या माझ्या पहिल्या ऑफिसात ते साहेब होते. त्यांच्या मीटिंगा म्हणजे आम्हा पोरींना शिक्षा वाटायची. ते सगळ्यात धाकट्याला आधी विचारायचे, त्याचं झालं की म्हणायचे, "मला असं ऐकू आलं," आणि त्याचंच म्हणणं त्याला परत सांगायचे, आणि मग गप्प बसायचे. किती गप्प! एकदा पहारेकरी काका काहीच बोलेनात तर सर पाच मिनिटं नुसते पेनचं टोपण फिरवत बसले होते, आणि मी टेबलाखाली घड्याळ बघत होते, कारण मला ठाण्याला मुलगा बघायला जायचं होतं. पाच मिनिटांनी काका म्हणाले की मागच्या दाराची कडी महिनाभर लागत नाही. ती कडी बाकी आम्हा कोणालाच माहीत नव्हती. मी एकदा सरांच्या जागी मीटिंग घेतली, झटपट, आणि शाबासकीच्या अपेक्षेने त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "छान. पण चारुता, प्रश्नाच्या शेवटी ना लावू नकोस. ना लावलास की उत्तर तू दिलेलं असतं, समोरचा फक्त मान हलवतो." मला राग आला होता. माणूस मराठी बोलतो तेव्हा ना लावतोच, त्यात काय एवढं, असं मी त्याच संध्याकाळी मैत्रिणीला ऐकवलं होतं. पुढे नोकऱ्या बदलल्या, एका प्रशिक्षणात टायमर मिळाला, आणि कुमार सरांची पद्धत मला जुन्या काळातली, फावल्या वेळातली वाटू लागली.

तो सगळा रविवार मी प्रश्न बनवत होते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. तुळशीरामदादा, तुम्ही त्या दिवशी नाही म्हणालात ना? छे. तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना? पुन्हा तेच. माझ्या तोंडात एक प्रश्न 'ना'शिवाय तयार होत नव्हता, हे बघून मला स्वतःचीच चीड आली. शिवाय भलतीच भीती होती. मी त्यांच्या तोंडात 'नाय' घातला तर तेही माझंच उत्तर झालं असतं, फक्त उलट्या दिशेने. ते भिडेखातर होय म्हणाले असते, आणि निनाद सर म्हणाले असते, मॅडमनी वदवून घेतलं. ज्याचं उत्तर मला माहीत नाही असा प्रश्न मला विचारायचा होता. बावीस वर्षांच्या नोकरीत मी असा प्रश्न मीटिंगमध्ये शेवटचा कधी विचारला होता ते आठवेना. दुपारी मला कुमार सरांना फोन करावासा वाटला. ते मुलीकडे असतात, नंबर आहे. केला नाही. ते काय म्हणतील ते ठाऊक होतं, आणि ते म्हणणार नाहीत तेही ठाऊक होतं. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नसते, आणि तेच मला सोसलं नसतं.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. गव्हाण फाट्याच्या पुढे ट्रेलरची रांग लागलेली होती आणि बस माणसाच्या चालीने सरकत होती. मला वाटलं, रांग सुटूच नये. मग वाटलं, पटकन सुटावी, होऊन जाऊ दे. तुळशीरामदादा जासईचेच. त्यांच्या घरची मिठागरं गेली, शेत गेलं, आणि त्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या यार्डात ते लागले. गेल्या वर्षी त्यांनी आम्हा सगळ्यांना गावच्या जत्रेला जेवायला नेलं होतं. मला आधी वाढलं, कारण 'मॅडम लवकर निघतान'. माणूस माझी घाईसुद्धा सांभाळून घेत होता. मीटिंगमध्येही कधी त्यांनी एका शब्दावर दुसरा शब्द बोलल्याचं आठवत नाही. मी एक शब्द मागायचे, ते एक द्यायचे. त्या गुरुवारी त्यांनी दोन दिले होते, आणि दुसरा मी फेकून दिला होता, असं मला वाटत होतं. नुसतं वाटत होतं.

अकरा वाजता वरच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. निनाद सर, मुख्य ऑफिसकडून आलेल्या रंजिता मॅडम, गेटवरची समीक्षा, दुरुस्तीचा फोरमन, तुळशीरामदादा आणि मी. या वेळी खुर्च्या मांडल्या होत्या. तुळशीरामदादा खुर्चीच्या कडेवर बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दाढी करून, आणि त्यांच्यापुढे जबाबाचा टाइप केलेला कागद आणि पेन ठेवलेलं होतं. रंजिता मॅडम म्हणाल्या, "फार वेळ नको घेऊया. वाचून दाखवा, सही होईल." निनाद सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी टायमर पर्समधून काढलाच नाही.

"जबाब वाचण्याआधी," मी म्हटलं, "मला एक विचारायचंय. तुळशीरामदादा, त्या गुरुवारी मी तुम्हाला तीन नंबरबद्दल विचारलं. तुम्ही काय म्हणालात?" एवढंच. ना नव्हता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाकडे पाहिलं. "तुमी लिवलाय ना मॅडम."

"मी काय लिहिलं ते नाही. तुम्ही काय म्हणालात?"

"आता तुमी लिवलाय म्हंजे मी तसाच बोललो आसंन." त्यांचा आवाज शांत होता, विचार करून करून थकलेल्या माणसाचा. "किती वेळा बोललोय मी चालतं म्हनून. माल खोळंबला की बोलायलाच लागतं. तसंच गेलं आसंल तोंडातून. मना तर आठवत व्हतं की मी... पन कागदावर हाय. कागद खोटा कशाला बोलंल? सही करतो मी."

त्यांनी पेन उचललं. निनाद सर हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, झालं की. ते स्वतःच म्हणतायत." आणि खरंच, झालं होतं. मला कोणी काही म्हटलं नसतं. मी विचारलं होतं, त्यांनी उत्तर दिलं होतं, इंद्रजीतला सांगण्यासारखं होतं. या एका क्षणात मला किती सुटल्यासारखं वाटलं ते मी कधी विसरणार नाही. पण ते 'आठवत व्हतं की मी' अर्ध्यात तुटलं होतं, आणि गुरुवारी तोडणारी मीच होते.

"पेन खाली ठेवा दादा," मी म्हटलं. "मला असं ऐकू आलं. तुम्हाला काहीतरी आठवत होतं, आणि कागद बघून तुम्ही ते सोडून दिलंत. कागद मी लिहिलाय. मी त्या दिवशी तुमचं बोलणं संपायच्या आत पुढे गेले. तुमचा हात वर होता, तो मी पाहिला, आणि तरी गेले. त्यामुळे कागदात जे आहे त्याची मला खात्री नाही. मी थांबते. तुम्हाला जे आठवत होतं ते सांगा."

आणि मी थांबले. रंजिता मॅडमनी मोबाइल उलटा करून ठेवला. निनाद सर खुर्चीत पुढे झाले, काही बोलणार होते, मी हात वर केला आणि माझ्या साहेबाला मी हात दाखवला याचीच मला धडकी भरली. खाली कोणीतरी शिट्टी मारत ट्रेलर मागे घेत होतं. तुळशीरामदादांच्या ओठांची हालचाल झाली आणि थांबली. मिनिट गेलं असेल, जास्तच असेल. जिभेच्या टोकावर माझ्या मदत येत होती, ते वाक्य पूर्ण करून द्यायची. मी दाताखाली जीभ धरून बसले.

पण आधी बोलली ती समीक्षा. खाली बघत, अगदी हळू. ती बोकडविऱ्याची, तेवीस वर्षांची, मीटिंगमध्ये फक्त आकडे सांगणारी. "मॅडम, ते चालत नाय बोललेले. मी बाजूलाच उभी होते."

मी विचारलं, "तू ऐकलं होतंस?"

"हो." तिचे डोळे भरले. "पण तुम्ही लगेच मला विचारलंत, गेटवर किती गाड्या. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. नंतर कागदावर चालतं बघितलं तर वाटलं, मागनं दुरुस्त झालं असेल, तुमचं बोलणं झालं असेल. तुम्ही कधी चुकीचं लिहीत नाही ना."

फोरमनने घसा खाकरला. त्यालाही नायच ऐकू आलं होतं. तोही हेच समजला होता, की मॅडम पुढे गेल्या म्हणजे मॅडमनी काहीतरी ठरवलं असेल. मी निनाद सरांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते. ते म्हणाले, "मी दाराशी फोनवर होतो तेव्हा. मी ऐकलंच नाही. पण मी त्या मीटिंगमध्ये होतो, हे लिहा." आठ माणसांच्या त्या खोलीत निदान दोघांनी नीट ऐकलं होतं, तिसऱ्याने स्वतः उच्चारलं होतं, आणि ज्या एका बाईच्या हातात पेन होतं तिलाच ते पोचलं नव्हतं. लाज वाटणं म्हणजे काय ते मला आजवर कळलं नव्हतं. माझे कान जळत होते. मी जबाबाचा कागद त्यांच्या पुढ्यातून उचलून माझ्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "चूक माझी आहे. रंजिता मॅडम, जबाब बदलावा लागेल. माझं नाव घाला."

रंजिता मॅडम काहीतरी म्हणत होत्या, पद्धत, चौकशी, लेखी खुलासा. तुळशीरामदादा ऐकत नव्हते. ते माझ्याकडे टक लावून बघत होते आणि त्यांचा चेहरा विचित्र झाला होता; सुटल्याचा आनंद मला त्यात कुठे दिसेना. "मंग मी नाय बोललो व्हतो," ते म्हणाले. "मी नायच बोललो व्हतो." मग खोलीतल्या प्रत्येकाला त्यांनी ते वेगवेगळं सांगितलं, समीक्षालासुद्धा. "मना आठवत व्हतं. मी येडा नाय झालो."

त्यांनी खिशातून फोन काढला. निनाद सरांनी माझ्याकडे पाहिलं, मीटिंग चालू असताना फोन नाही हा माझाच नियम. मी मानेनेच 'करू द्या' म्हटलं. फोन लागेपर्यंत ते उभे राहिले. "चंद्रावती?" ते म्हणाले, आणि समीक्षाने मला हळूच सांगितलं, की प्रणितची आई चंद्रावती ही त्यांची धाकटी बहीण आहे. हे यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मी कधी विचारलं नव्हतं. "आगं, मी नाय बोललो व्हतो. मशीन चालतं आसा मी बोललोच नवतो. हां, इथं सगल्यांनी सांगितलं... नाय, नाय रडू नको... मी धा दिस तुज्या दाराशी येऊन परत जातंय गो. तुला त्वांड कसं दाखवू म्हनून..." फोनमधून बाईचा आवाज येत होता, उंच, भराभर, शब्द कळत नव्हते. ते ऐकत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले, आणि फोन कानापासून काढून माझ्यासमोर धरला. रागाने नाही. रागाने धरला असता तर सोपं गेलं असतं.

"ती इचारतंय," ते म्हणाले, "मंग चालतं कोन बोललं?"

मी उठले आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.